नावाची साक्ष

भाऊबीजेनंतर भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी आणि आसपासच्या गावांत मंडईचे, म्हणजे जत्रेचे, दिवस सुरू होतात आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक जागोजागी दिसू लागतात. प्रयोग रात्री असतो, पण नाटकाची चर्चा दिवसाच रंगते. नावात कुंकू आहे, म्हणजे नवरा मरणार की मेलेला परत येणार? फलकावर खलनायकाचा चेहरा नायकाहून मोठा का? अजून न पाहिलेल्या कथेचा असा आधीच माग काढण्यात निव्वळ वेळ घालवणं नसतं. कथा रचणाऱ्याने काहीही उगाच केलेलं नाही, नाव आणि चित्र दोन्ही विचारपूर्वक निवडलं आहे, असा विश्वास त्यामागे असतो. हा विश्वास श्रद्धेच्या फार जवळचा आहे, आणि म्हणून त्याच्याविषयी एक गंभीर प्रश्न विचारायला हवा. खूण आहे म्हणजे ती ठेवणारा कोणीतरी आहे, हे मान्य केलं तरी त्याला काय म्हणायचं आहे, ते त्या खुणेवरून कळतं का?

या प्रश्नाचं नेमकं उदाहरण शोधायला दूर जावं लागतं. २००४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत 'लॉस्ट' ही मालिका सुरू झाली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान एका अनोळखी बेटावर कोसळतं आणि वाचलेली माणसं तिथल्या गूढात अडकत जातात. २००६ च्या मे महिन्यात या मालिकेला जोडून 'बॅड ट्विन' नावाची कादंबरी आली. लेखक म्हणून नाव होतं गॅरी ट्रूप, आणि हा गृहस्थ त्याच विमानाचा प्रवासी होता असं सांगितलं गेलं. हस्तलिखित मालिकेतही दिसलं. सॉयर नावाचं पात्र ते वाचत शेवटाजवळ येतं आणि त्याच क्षणी मालिकेचा नायक जॅक उरलेली पानं आगीत फेकतो. गुपित त्या पानांतच असणार, ही समजूत याहून जास्त कशाने वाढली असती? पुस्तक दुकानात येण्याआधीच चाहत्यांनी लेखकाच्या नावाची इंग्रजी अक्षरं फिरवून पाहिली, तर त्यांतून 'पर्गेटरी' हा शब्द तयार झाला. स्वर्गात जाण्याआधी आत्मा जिथे शुद्ध होतो, ती ही कॅथलिक श्रद्धेतली मधली अवस्था. झालं, निष्कर्ष निघाला: बेटावरची सगळी माणसं अपघातातच मेली आहेत. डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज हे मालिकेचे कर्तेधर्ते तसं नाही म्हणून सांगत आले होते, पण त्यांच्या नकारातही अनेकांना आणखी एक खूणच दिसली.

इथे दोन वेगळी अनुमानं एकात मिसळली आहेत. पहिलं असं की नऊ अक्षरं अशी योगायोगाने जुळत नाहीत, म्हणजे ती कोणीतरी मुद्दाम जुळवली आहेत. हे अनुमान भक्कम आहे. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त जगाच्या रचनेवरून तिच्या कर्त्याकडे जाणारा जो युक्तिवाद मांडला, त्याची जात हीच: कार्य दिसतं, तर कर्ता असलाच पाहिजे. पण बेट म्हणजे पर्गेटरी, हे दुसरं अनुमान पहिल्याच्या पाठीवर बसून आत शिरतं. कर्ता आहे एवढं कळल्याने त्याचं मन कळत नाही. त्याने ते नाव गुपित सांगण्यासाठी ठेवलं असेल, दिशाभूल करण्यासाठी ठेवलं असेल, किंवा लोकांनी आधीच केलेला तर्क आपल्यालाही ठाऊक आहे एवढंच सुचवण्यासाठी ठेवलं असेल. अक्षरं तिन्ही ठिकाणी तीच आणि तितकीच अचूक जुळतील. देवाच्या खुणा वाचणाऱ्यांची गफलत बहुतेक वेळा इथेच होते. रचना आहे म्हणून रचणारा आहे, इथपर्यंत ते युक्तिवादाने येतात. आणि मग तो माझ्याच बाजूने बोलतो आहे, हे कोणत्याही युक्तिवादाशिवाय धरून चालतात.

खुणांचं वजन कसं करावं यावर आपल्याकडे मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचं शास्त्र मांडणाऱ्यांनी, जितका बारकाईने विचार केला, तितका फार थोड्यांनी केला असेल. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या नियमांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. वेदवाक्याचा विनियोग, म्हणजे ते कुठे वापरायचं हे, ठरवताना मीमांसासूत्रांचे कर्ते जैमिनींनी सहा प्रमाणं क्रमाने सांगितली: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. श्रुती म्हणजे थेट शब्दांत सांगितलेलं. लिंग म्हणजे शब्दांच्या अंगच्या अर्थातून सुचणारं. त्यानंतर शेजारच्या पदांचा संबंध, मग कोणत्या मोठ्या कर्माच्या ओघात ते आलं हे, मग क्रमातली जागा, आणि सर्वांत शेवटी समाख्या, म्हणजे नाव. दोहोंत विरोध आला तर पुढचं मागच्यापेक्षा दुबळं. याचं प्रसिद्ध उदाहरण असं: एका ऋचेत इंद्राचं नाव आहे, तिचा अर्थही इंद्राची स्तुती असाच लागतो, पण विधिवाक्य सांगतं की या ऋचेने गार्हपत्य अग्नीचं उपस्थान, म्हणजे उपासना, करावी. मीमांसकांनी कौल गार्हपत्याच्या बाजूने दिला. ऋचेच्या अंगातला इंद्रही स्पष्ट विधानापुढे मागे सरला. मग मुखपृष्ठावरच्या लेखकाचं नाव, तेही अक्षरं फिरवल्यावर बोलणारं, सहाव्या पायरीवरच राहणार. ही साक्ष निरुपयोगी नाही. दुसरं काहीच बोलत नसेल तेव्हा तिचं जरूर ऐकावं. पण पात्रांचे संवाद, घटनांचा ओघ, कर्त्यांचं उघड म्हणणं या सगळ्यांच्या वर तिला नेऊन बसवणं म्हणजे न्यायाचा क्रमच उलटा करणं.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप आहे. २३ मे २०१० रोजी मालिका संपली, तेव्हा शेवटच्या पर्वातलं एक समांतर जग खरोखर मृत्यूनंतरचं निघालं. पात्रांनी पुढे जाण्याआधी एकमेकांना भेटावं म्हणून स्वतःच घडवलेलं. मग चाहते बरोबरच नव्हते का? मला तसं वाटत नाही. त्यांचा दावा बेटाबद्दल होता, आणि त्याच भागात जॅकचे वडील त्याला स्पष्ट सांगतात की जे घडलं ते खरंच घडलं. मीमांसेच्या भाषेत ही श्रुतीच. भाकिताचा एक तुकडा भलत्याच ठिकाणी खरा ठरला, तर तो भाकिताच्या खात्यात जमा होत नाही. नाहीतर कुंडलीतलं कोणतंही वाक्य कधी ना कधी, कोणाला ना कोणाला लागू पडतंच. निदान काय घडलं तर माझा तर्क चुकला असं मी मानेन, हे जो आधी सांगून ठेवतो, त्याच्याच तर्काला खरं ठरण्याचा हक्क आहे. नकारालाही खूण मानणाऱ्याने तो हक्क स्वतःच सोडून दिलेला असतो.

दुसरा आक्षेप साहित्याच्या अंगाने येतो. लेखकाच्या मनात काय होतं याच्याशी वाचकाला काय कर्तव्य? पुस्तक एकदा बाहेर पडलं की अर्थ वाचकाचा. पण पूर्वमीमांसेने नेमकी हीच अट मान्य करून सारा खटाटोप केला आहे. तिच्या मते वेद अपौरुषेय. त्यांना कोणी कर्ताच नाही, त्यामुळे कर्त्याचं मन शोधण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि तरीही वाटेल तो अर्थ चालेल असं कोणी मीमांसक म्हणाला नाही. सुरुवात आणि शेवट एकमेकांशी जुळतात का, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते, कशाची नुसती स्तुती आहे आणि कशाचा विधी, हे सगळं त्यांनी मजकुरालाच विचारलं. लेखक वजा केला म्हणून कसोटी वजा होत नाही; उलट मग मजकुराशिवाय दुसरा साक्षीदारच नसल्याने त्याला अधिक कसून विचारावं लागतं.

काही म्हणतील, हा सगळा चाहत्यांचा खेळ आहे, त्याच्यावर जैमिनींचं ओझं कशाला? खेळ म्हणून तो मलाही प्रिय आहे. 'रात्रीस खेळ चाले' या मराठी मालिकेचं दुसरं पर्व २०१९ मध्ये आलं तेव्हा ते पहिल्याच्या आधीची गोष्ट सांगत होतं. त्यातल्या अण्णा नाईकांचा मृत्यू प्रेक्षकांनी पहिल्या पर्वातच पाहिला होता. शेवट ठाऊक असूनही लोक प्रत्येक प्रसंगात त्या शेवटाची बीजं शोधत राहिले, आणि त्या शोधाने कथा श्रीमंतच झाली. पण मनाची सवय करमणुकीपुरती थांबत नाही. गावात एक मूल आजारी पडतं, दोन जनावरं मरतात, कोणाच्या तरी दारात लिंबू सापडतो आणि एका म्हातारीचं नाव पुढे येतं. तिथेही वेगवेगळे तुकडे जुळवणारी बुद्धी तीच असते, आणि म्हातारीने कळवळून केलेला नकार हाच पुरावा मानणारा हट्टही तोच. जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाल्याच्या घटना महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा घटनांसाठीही करावा लागला. कथेत चुकलेल्या अनुमानाची किंमत कोणाला मोजावी लागत नाही, म्हणूनच अनुमान नीट तपासायला शिकण्याची याहून सुरक्षित जागा नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, श्रद्धावंतांचा: ज्याची निष्ठा आहे त्याला कसोट्या कशाला? याचं उत्तर लाखनीच्या याच भागाच्या इतिहासात आहे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या निकटच्या शिष्यांत निळभट्ट भांडारेकर होते, म्हणजे आपल्या भंडाऱ्याचे. स्वामींच्या आठवणी पंथातल्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूरला 'लीळाचरित्रा'त गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं त्यांना विचारून विचारून. पुढे धाडीत मूळ पोथी गेली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला. तेव्हा आठवणींमध्ये फरक निघाले. ग्रंथ पुन्हा जुळवणाऱ्यांसाठी स्वामी म्हणजे साक्षात परमेश्वर. एकच पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकायला कोणाची आडकाठी होती? त्यांनी हिराइसेचा पाठ वेगळा, रामेश्वरबासांचा वेगळा असे भेद नावानिशी नोंदवले. केशिराजबासांनी स्वामींच्या वचनांतून वेचलेली सूत्रं अधांतरी राहू नयेत, म्हणून कोणतं वचन कोणत्या प्रसंगी निघालं हे सांगणारा 'प्रकरणवश'ही पंथात तयार झाला. परमेश्वराचा शब्द म्हणून जे जपायचं, ते कोणी ऐकलं आणि कुठल्या संदर्भात ऐकलं हे लिहून ठेवल्याशिवाय त्यांना जपता येत नव्हतं.