आपलं यंत्र, दुसऱ्याचा पाय

देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांची जीप आठवते का? सांगली जिल्ह्यातलं हे गाव एरवी यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून माहीत असतं. डिसेंबर २०२१ मध्ये ते एकदम सगळ्यांच्या मोबाइलवर आलं. लोहारांनी भंगारातले सुटे भाग जमवून, साधारण साठ हजार रुपयांत, एक चारचाकी तयार केली होती. दुचाकीसारखी किक मारली की ती सुरू व्हायची. आनंद महिंद्रांनी तो व्हिडिओ शेअर करताना दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही गाडी नियमांत बसत नाही. दोन, या कल्पकतेचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. मग त्यांनी या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांच्या घरी आली.

आपण बहुतेकांनी या दोनपैकी एकच वाक्य उचललं. काहींना वाटलं, बघा, नियम हुशार माणसाला जगू देत नाहीत. काहींना वाटलं, उद्या ब्रेक लागला नाही तर कोण जबाबदार? मला तेव्हापासून वाटत आलंय की दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि अवघड काम दोन्ही एकत्र धरून ठेवण्याचं आहे.

हा प्रश्न सध्या माझ्या घरातच आलाय. माझा मामेभाऊ वाळवा तालुक्यात राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गवत कापणारा रोबो बनवतोय. आता आपल्याकडे गवत कापायला रोबो कशाला, असं कुणीही विचारेल. आपल्याकडचं गवत म्हणजे वैरण. ते विळ्यानं कापून गोठ्यात जातं. पण सांगलीत विश्रामबागच्या बंगल्यांपुढे आता लॉन आहेत, कॉलेजांची मैदानं आहेत, तासगावकडे द्राक्षबागांच्या ओळींमध्ये तण आहे. विकतचा रोबो परवडत नाही. म्हणून त्यानं वायपरच्या दोन मोटरी, बारा व्होल्टची बॅटरी, अर्डुइनो, अडथळा ओळखणारा सेन्सर आणि गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून आणलेला पत्रा एवढ्यावर गाडा उभा केला. पातं फिरवायला वेगळी, वेगवान मोटर.

त्या पात्याचं गणित आम्ही दोघांनी केलं. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. पात्याचं टोक मध्यापासून दहा सेंटिमीटरवर असेल, तर त्याचा वेग सेकंदाला एकतीस मीटर, म्हणजे ताशी एकशे तेरा किलोमीटरच्या आसपास. उंब्रजजवळून हायवेवर जोरात जाणाऱ्या गाडीइतका. आणि गाडा स्वतः मात्र म्हाताऱ्या माणसाच्या पावलानं चालतो. बघणाऱ्याला चाकांचा वेग दिसतो, पात्याचा दिसत नाही. म्हणून तो गोंडस वाटतो.

मी सुरक्षेचं विचारलं तर तो म्हणाला, "दादा, आपल्या परड्यात भाईरचं कोण येतंय? घरचीच मानसं. त्यास्नी सांगून ठेवलं की झालं."

हे उत्तर आपण सगळेच देतो. मोटर चालू असताना कडबाकुट्टीत हात घालून अडकलेला कडबा ओढणारा माणूसही हेच म्हणतो: मला माहीत आहे, मी जपून करतो. स्वतःपुरतं त्याचं म्हणणं एका मर्यादेपर्यंत मान्य करता येईल. आपल्या हाताचा धोका आपण पत्करायचा की नाही, हे ठरवण्याचा थोडाफार हक्क प्रत्येकाला आहे. पण परड्यात कोंबडीमागे धावणारं शेजारचं पोर, दुपारी ताक मागायला येणारी काकू, गवतात पसरलेलं कुत्रं यांनी काय पत्करलेलं असतं? त्यांना धोका आहे हेच ठाऊक नाही. जे ठाऊकच नाही त्याला संमती देता येत नाही.

इथं विळा आणि रोबो यांत एक मूलभूत फरक आहे. विळ्याचं पातं आणि बघणारा डोळा एकाच माणसाकडे असतात. गवतात काही सळसळलं तर हात थांबतो. पोर जवळ आलं तर बाई विळा खाली ठेवते आणि मग बोलते. हा विचार करून घेतलेला निर्णय नसतो, अंगवळणी पडलेली नीती असते. कडबाकुट्टीत मोटर आली तेव्हा डोळा आणि पातं थोडे दूर गेले, कारण डोळ्यानं पाहिलं तरी चाक लगेच थांबत नाही. रोबोत ही ताटातूट पूर्ण होते. पातं परड्यात फिरतंय आणि डोळा आत मोबाइलवर आहे.

मग बघण्याची जबाबदारी संपली का? नाही, ती अलीकडे सरकली. कापताना जे पाहायचं ते आता बनवताना पाहावं लागतं. विळा धरणाऱ्या बाईला त्या क्षणी जेवढं दिसलं असतं, तेवढं यंत्र बनवणाऱ्यानं महिनाभर आधी टेबलावर बसून पाहायला हवं. माझ्या मते सुरक्षित यंत्राची सगळी नीती एवढ्यात येते.

हे प्रत्यक्षात फार साधं असतं. पात्याची मोटर एरवी बंदच असली पाहिजे, आणि सगळं ठीक असल्याची खूण सतत मिळत असेल तरच चालू राहिली पाहिजे. वायर तुटली, प्रोग्रॅम अडकला, गाडा उचलला गेला किंवा कलंडला, तर काही न करता पातं थांबावं. लाल बटण वर, लहान मुलालाही दाबता येईल असं. पात्याभोवती खालपर्यंत येणारी कड, आणि बाहेरून बोट पोचणार नाही इतकं पातं आत. बॅटरी पूर्ण तोडणारी काढती किल्ली, जी गाडा उलटा करण्याआधी खिशात गेली पाहिजे. पहिल्या सगळ्या चाचण्या पातं काढून.

यातली एक गोष्ट मी सॉफ्टवेअरवाला म्हणून मुद्दाम सांगतो: पातं थांबवण्याचं काम फक्त कोडवर सोपवू नये. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्रानं किमान सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली, काहींचा त्यात जीव गेला. आधीच्या मॉडेलमध्ये गडबड झाल्यास किरण अडवणारी स्वतंत्र यंत्रणा होती. नव्या मॉडेलमध्ये ते काम सॉफ्टवेअरवर टाकलं होतं. कोड लिहिणारे लोक वाईट नव्हते. आपलं कोड चुकू शकतं, हे गृहीत धरून बांधलेला दुसरा अडसर तिथं नव्हता.

यावर भावाचा आक्षेप होता, आणि तो हलका नाही. एवढ्या अटी घातल्या तर यंत्र फक्त कंपन्यांनीच बनवायचं का? आपल्या भागाचा इतिहास त्याच्या बाजूनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सुरुवातीच्या उत्पादनांत कडबा कापायचं यंत्र होतं, म्हणजे पात्याचंच. १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयानं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती असं धाडस करणाऱ्या माणसामुळे. कागदपत्रं पूर्ण झाल्यावरच हातोडा उचलायचा असता तर त्या माळावर आजही निवडुंगच असता.

पण नियम येतात कुठून, हेही पाहू. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. सुरक्षेचा नियम म्हणजे लिहून ठेवलेली ठेच. मळणीयंत्रांत मजुरांचे हात जाऊ लागले, आणि १९८३ मध्ये संसदेनं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. बनवणारा, विकणारा आणि वापरणारा, तिघांवरही त्यात जबाबदाऱ्या टाकल्या आणि मजुराला भरपाईची तरतूद केली. त्या कायद्याच्या प्रत्येक कलमामागे कुणाचा तरी हात आहे. घरी यंत्र बनवणाऱ्याकडे कंपनीसारखा पैसा नसतो, पण दुसऱ्यांच्या ठेचांची ही शिदोरी त्याला फुकट मिळू शकते. ती न घेणं म्हणजे धाडस नव्हे.

शिवाय रिले, लाल बटण, किल्ली, पत्र्याची कड हे सगळं मिळून मोटर-बॅटरीपेक्षा स्वस्त पडतं. जुगाड म्हणजे काटकसर, हे मान्य. मग काटकसर कुणाच्या वाट्यात करतोय तेवढं पाहावं. रंग नको, ॲप नको, वेग कमी चालेल. जो भाग दुसऱ्याच्या पायासाठी आहे, त्यात मात्र हात आखडता घेऊ नये.

एवढं करूनही धोका शून्य होत नाही. युरोपात हेजहॉग नावाचा छोटा काटेरी प्राणी संकटात पळत नाही, अंग गोळा करून बसतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाजारातले अनेक रोबो मेलेल्या हेजहॉगवर तपासले, तर एकालाही स्पर्श होण्याआधी तो ओळखता आला नाही. पुढे २०२४ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरानं हे रोबो रात्री चालवायला बंदी घातली. मोठ्या कंपन्यांच्या सेन्सरची ही गत असेल, तर आपल्या काही रुपयांच्या सेन्सरला गवतात बसलेलं पोर नक्की दिसेल, असं कुणाच्या भरवशावर म्हणायचं?

म्हणून मी त्याला म्हटलं, कुंपण घातल्याशिवाय आणि स्वतः शेजारी उभं राहिल्याशिवाय पातं लावू नकोस. त्यावर तो म्हणाला, "मग मानूसच हुबा ऱ्हानार आसंल तर रोबो कशाला?"

प्रश्न चोख आहे. माझ्याकडे त्याचं त्याला आवडेल असं उत्तर नाही. रोबोचं सगळं आकर्षणच आपण तिथं नसण्यात आहे. पण नसण्याचा हक्क यंत्र चालू झालं म्हणून मिळत नाही, तो कमवावा लागतो. महिनोन्महिने शेजारी उभं राहून, प्रत्येक वेळी पातं नेमकं थांबतंय हे पाहून. आणि कदाचित असंही निघेल की मुलं खेळतात त्या परड्यात तो कधीच कमवता येणार नाही. तिथं विळा बरा. बंदिस्त द्राक्षबागेत, ओळींच्या मध्ये, तो कमवता येईल.

खंडेनवमीला आपण विळा-कोयत्याला हळदकुंकू वाहतो. मी त्याचा अर्थ असा लावतो की हे हत्यार आहे याची वर्षातून एकदा तरी आठवण राहावी. यंदा त्या पाटावर अर्डुइनो आणि सोल्डरिंग गनही ठेवायला हरकत नाही. पात्यामागचा डोळा आता त्यांच्यात आहे, आणि त्या डोळ्याला काय दिसेल ते आपण ठरवतो.