जोखीम कुणाची?

सुरत शहरात बेकार माणूस सहजासहजी सापडत नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांच्या शेडमध्ये रात्रंदिवस पाळ्या चालतात. वराछा आणि कतारगामात हिऱ्यांना पैलू पाडणारी चाके फिरत असतात. रिंगरोडच्या कापडबाजारात गठ्ठे वाहणाऱ्यांची रीघ लागलेली असते, आणि ही माणसे ज्या घरांतून कामाला बाहेर पडतात त्या घरांत बायका साड्यांवर खडे चिकटवत, धागे कापत बसलेल्या असतात. सरकारी आकडेही हेच सांगतात. 2023-24च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील लोकांतला बेरोजगारीचा दर देशात 3.2 टक्के होता, आणि गुजरात हे सर्वांत कमी दर असलेल्या राज्यांपैकी एक. तरीही 2020च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीचे तीन आठवडेही पुरे होण्याआधी, याच शहरातले मजूर रस्त्यावर उतरले. थकलेला पगार द्या आणि गावी जाऊ द्या, एवढीच त्यांची मागणी होती. ज्या शहरात प्रत्येक हाताला काम आहे, तिथे तीन आठवड्यांच्या आत जेवणाची भ्रांत का पडावी? बेरोजगारीच्या दरातून याचे उत्तर मिळत नाही. काम थांबले तर त्याचा भार कुणी सोसायचा, हे त्या दरात कुठेच मोजलेले नसते. गेल्या सत्तर वर्षांत श्रमाविषयीचा विचार वळणे घेत घेत याच प्रश्नापाशी आला आहे, आणि त्या वाटचालीत सुरत व तिचा परिसर पुन्हा पुन्हा भेटतो. विचार इथवर आला, पण आपली मोजणी आणि आपला कायदा अजून मागेच आहेत, हे या लेखाचे म्हणणे आहे.

सुरुवात 1954 पासून करता येईल. सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावर जन्मलेले अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांनी त्या वर्षी गरीब देशांच्या विकासाचे एक सुबक चित्र मांडले. शेतीत गरजेपेक्षा जास्त हात अडकलेले असतात; उद्योग त्यांना पोटापुरतीच्या किंचित वर मजुरी देऊन ओढून घेतो; नफा पुन्हा उद्योगात जातो, उद्योग वाढतो, आणि एक दिवस फाजील हात संपून मजुरी चढू लागते. या चित्राचा पूर्वार्ध सुरतेने तंतोतंत खरा करून दाखवला. 1961 साली तीन लाखांच्या आत असलेली शहराची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत 44 लाखांच्या पुढे गेली. त्यात हद्दवाढीचा वाटा आहे, पण मुख्य वाटा कामासाठी आलेल्या माणसांचाच. हिऱ्यांसाठी सौराष्ट्रातून, मागांसाठी ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून, छपाई आणि रंगाईच्या गिरण्यांसाठी उत्तर प्रदेश व बिहारमधून, आणि या सगळ्यांच्या बरोबरीने सुरत–भुसावळ रेल्वेने धुळे, नंदुरबार, जळगावातून माणसे आली. लिंबायत आणि दिंडोलीत आज अहिराणी कानावर पडते ती यामुळेच. उत्तरार्ध मात्र लुईस यांनी सांगितला तसा घडला नाही. एका जिल्ह्यातले हात महाग होऊ लागले की रेल्वे पुढच्या जिल्ह्यातले हात घेऊन येते. देश मोठा असला की फाजील हातांचा तळ लागायला पिढ्या जातात, आणि तोवर घासाघीस करण्याचे बळ मजुराच्या अंगी येत नाही.

या सिद्धांतात काम करणारा आणि बेकार यांच्यामधली रेघ स्पष्ट मानली होती. ती पुसट आहे हे ज्यांनी ठामपणे सांगितले त्या मोहनलाल लल्लूभाई दांतवाला यांचा जन्म सुरतचा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने 1970 साली दिलेल्या अहवालाचा गाभा असा होता, की श्रमबल ही कल्पना नियमित पगाराच्या नोकऱ्या असलेल्या देशांत घडली. जिथे बहुतेक लोक स्वतःच्या शेतात, घरच्या धंद्यात किंवा मिळेल त्या दिवशी मजुरीवर राबतात तिथे बेकारीचा एकच एक आकडा काढणे दिशाभूल करणारे आहे. या विचारातूनच 1972-73च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत वर्षाचा, आठवड्याचा आणि दिवसाचा अशा तीन वेगळ्या मोजपट्ट्या आल्या. त्याच सुमारास, 1971 मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांनी सार्वजनिक कामांतून रोजगार पुरवण्याचा आग्रह धरला. 1972च्या दुष्काळात महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. विचाराचे हे मोठे पाऊल होते. ‘काम आहे की नाही’ या प्रश्नाच्या जागी ‘किती दिवस आहे’ हा प्रश्न आला. पण सुरतेच्या मागावर बारा तास उभ्या असलेल्या कारागिराला दिवसांच्या मोजपट्टीचाही उपयोग नाही. त्याचे दिवस भरलेले आहेत, किंबहुना ओसंडून वाहताहेत. त्याची अडचण वेगळीच आहे.

ती अडचण जगाला दिसली ती आफ्रिकेतल्या दोन देशांमुळे. घानाच्या अक्रा शहरातल्या निमा या गरीब वस्तीत राहून अभ्यास केलेल्या कीथ हार्ट या मानववंशशास्त्रज्ञाने 1971 मध्ये एका परिषदेत दाखवून दिले, की ज्यांना सरकार बेकार म्हणते ती माणसे दिवसभर काहीतरी विकत, दुरुस्त करत, वाहत असतात. फक्त त्यांची नोंद कुठे नसते. 1972 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियाविषयीच्या अहवालाने ही कल्पना उचलली आणि ‘अनौपचारिक क्षेत्र’ हा शब्द रूढ झाला. या अहवालाचा सूर आशेचा होता. छोटे भांडवल, घरचे मनुष्यबळ, सहज शिरकाव अशी या क्षेत्राची लक्षणे सांगून त्याला सरकारने मदत करावी असे त्यात म्हटले होते. गरिबांच्या उद्यमशीलतेची दखल घेतली गेली, हे त्याचे मोल. पण या शब्दाने एक गैरसमजही रुजवला. अर्थव्यवस्थेची दोन घरे आहेत, एक कायद्याचे आणि एक कायद्याबाहेरचे, आणि त्यांचा आपापसांत फारसा संबंध नाही, असा तो गैरसमज.

त्याला सर्वांत सविस्तर उत्तर दक्षिण गुजरातेतून मिळाले. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन 1960च्या दशकाच्या सुरुवातीपासून या प्रदेशात अभ्यास करत होते. अनाविल जमीनदार आणि त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हळपती शेतमजूर यांच्यातली हाळीप्रथा मोडत असताना त्यांनी पाहिली होती. 1976 मध्ये त्यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त अनौपचारिक क्षेत्राच्या कल्पनेवर टीका केली, आणि दोन वर्षांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीवर लिहिले. बारडोलीचा पुरावा मराठी वाचकाने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे, कारण त्यातले तोडणी मजूर खानदेशातून जात. सहकारी कारखाना म्हणजे नोंदलेला, हिशेब तपासला जाणारा, पक्का औपचारिक उद्योग. त्याच्या भोवतीच्या गावांत हळपती मजूर कामाविना बसलेले, आणि तरी कारखाना शेकडो किलोमीटरवरून मुकादमामार्फत उचल देऊन टोळ्या आणत असे. हातांचा तुटवडा हे यामागचे कारण असूच शकत नाही. उचलीने बांधलेला, उसाच्या फडातच पालात राहणारा, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठवता येणारा आणि हंगाम संपला की निमूट परत जाणारा मजूर हवा होता. गावातल्या मजुराला घर असते, शेजार असतो, नकार देण्याची थोडी तरी ताकद असते. यावरून दिसते ते असे, की अनौपचारिकता उद्योगाच्या लहानपणातून येत नाही. मालक आणि मजूर यांच्यातले नाते ज्या तऱ्हेने बांधले जाते त्यातून ती येते.

सुरतेच्या यंत्रमागाची रचना याच नजरेने पाहावी लागते. 1948च्या कारखाना कायद्यानुसार विजेवर चालणाऱ्या जागी दहा मजूर असले की तो कारखाना ठरत असे आणि दिवसाला नऊ तास, आठवड्याला 48 तास ही कामाची मर्यादा लागू होत असे. म्हणून एकाच छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर वाटण्याची रीत पडली, आणि बारा तासांची पाळी सर्रास झाली. मजुरी विणलेल्या मीटरवर. वीज गेली, सूत तुटले, बाजारात मंदी आली, सणाला शेड बंद राहिली, की मीटर थांबतो आणि मजुरीही थांबते. हिऱ्याच्या कारखान्यातही नगावरच हिशेब असतो. तिथे 2008च्या जागतिक मंदीत अमेरिकेतली मागणी आटली आणि हजारो रत्नकलाकारांना सौराष्ट्रातल्या गावी परतावे लागले. बाजाराची जोखीम खरे तर भांडवलाने घ्यायची, नफा हा त्याच जोखमीचा मोबदला, असे अर्थशास्त्र शिकवते. सुरतेत नफा एकाकडे राहिला आणि जोखमीचा मोठा भाग मीटरमागून मीटर, नगामागून नग मजुराच्या खांद्यावर सरकत गेला. घरात बसून खडे चिकटवणारी बाई तर या उतरंडीच्या अगदी तळाशी. तिची जागा, तिची वीज आणि तिच्या मुलांचे हातही तिच्या मजुरीच्या दरातच धरलेले असतात, आणि पाहणी करणाऱ्याच्या तक्त्यात बहुधा ती केवळ गृहिणी म्हणून नोंदली जाते.

पुढे व्याख्याही बदलल्या. 2003 मध्ये श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘अनौपचारिक क्षेत्रा’च्या जोडीला ‘अनौपचारिक रोजगार’ ही कल्पना मान्य केली. म्हणजे कारखाना नोंदलेला असला तरी त्यातल्या मजुराला संरक्षण नसेल तर तो अनौपचारिकच. आपल्याकडे अर्जुन सेनगुप्ता आयोगाने हीच फूटपट्टी लावली, तेव्हा 2004-05 मध्ये देशातल्या सुमारे 92 टक्के कामकऱ्यांना कोणतेही संरक्षण नाही असे दिसले. लुईस यांच्या फाजील हातांपासून सेनगुप्तांच्या असुरक्षित हातांपर्यंत विचाराला पन्नास वर्षे लागली. पण वर्षागणिक मथळ्यात येतो तो आकडा अजूनही बेरोजगारीचाच. कायद्याने तर उलट दिशा धरली. 29 कायदे एकत्र करून 2019 आणि 2020 मध्ये संसदेने चार श्रमसंहिता संमत केल्या, आणि त्यांत विजेवरच्या कारखान्याची मर्यादा दहावरून वीस मजुरांवर नेली. जी रेघ चुकवण्यासाठी शेडची वाटणी होत होती, ती रेघच वर उचलली गेली.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही गांभीर्याने घ्यावेत असे आहेत. पहिला असा, की ही माणसे आपखुशीने येतात. गावापेक्षा सुरतेत चार पैसे जास्त मिळतात, आणि त्या पैशांतून खानदेशात घरे उभी राहिली, मुले शिकली. हे खरेच आहे आणि ते नाकारणे म्हणजे त्या माणसांच्या कष्टाचा अपमान होईल. पण या तुलनेतून कोरडवाहू शेतीची दशा सिद्ध होते, सुरतेच्या मजुरीचा न्याय सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप असा, की स्वस्त आणि लवचीक श्रमावरच हा धंदा उभा आहे. कायद्याचा फास आवळला तर मुंबईच्या गिरण्यांचे झाले तेच इथे होईल. मुंबईच्या गिरण्या 1982च्या संपाने एका झटक्यात बुडाल्या असे मानणे अपुरे आहे. जुनी यंत्रे, नवी गुंतवणूक न होणे आणि जमिनीला आलेला भाव या गोष्टी त्याआधीपासून काम करत होत्या. शिवाय लवचीकता आणि असुरक्षितता एक नव्हेत. काम कमीजास्त होण्याची मुभा मालकाला असू शकते. प्रश्न एवढाच, की काम घटते त्या काळासाठी आधी काही बाजूला काढून ठेवले होते का. तिसरा आक्षेप प्रशासनाचा. इतक्या विखुरलेल्या धंद्यात, मालक सतत बदलणाऱ्या मजुरांचा हिशेब कोण ठेवणार? या आक्षेपाला सुरतेनेच उत्तर दिले आहे. 1994च्या प्लेगनंतर, लोक लाखोंनी पळून गेलेले हे शहर, आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात थोडक्या वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. ठरवले की या शहराला जमते. आणि हिशेबाचे म्हणाल तर 2017 पासून जीएसटीमुळे कापडाच्या प्रत्येक टप्प्याचे बिल नोंदले जाते, आणि मजुरी मीटरवर असल्याने मीटर तर शेडमध्ये रोज मोजलाच जातो. मोजलेल्या मीटरमागे काही पैसे बाजूला काढणे अशक्य आहे असे म्हणता येत नाही.

त्याचा नमुनाही नव्याने शोधायला नको. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीनंतर महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला. मुंबईच्या बाजारांतल्या हमालाचा मालकही दिवसातून चार वेळा बदलत होता, त्याचीही मजुरी नगावरच होती, त्याचेही नाव कुठल्या हजेरीपटावर नव्हते. कायद्याने मालक आणि मजूर दोघांचीही मंडळाकडे नोंद केली. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने त्यातून पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सुट्ट्यांचे पैसे द्यायचे, अशी घडी बसवली. या मंडळांच्या कारभारात पुढे दोष शिरले आणि त्यांची चर्चा व्हायलाच हवी. पण मालक एक नसला तरी जबाबदारी निश्चित करता येते, हे तत्त्व त्या कायद्याने कायमचे सिद्ध केले. असंघटित कामगारांची 2021 पासून ई-श्रम पोर्टलवर नोंदणी होते आहे, ती उपयोगाची आहे. मात्र तिथे नाव येते ते मजुराचे, मालकाची जबाबदारी कुठेच नोंदली जात नाही. माथाडी कायद्याने नेमकी ती नोंदली होती.

म्हणून यापुढे बेरोजगारीचा दर जाहीर होईल तेव्हा त्याच्याशेजारी आणखी एक आकडा मागायला हवा. काम थांबल्यावर एक महिना तरी निभावेल एवढे संरक्षण किती कामकऱ्यांना आहे? सरकारने तो मोजावा, वर्तमानपत्रांनी तो छापावा, आणि खानदेशातून सुरतेला माणसे पाठवणाऱ्या महाराष्ट्राने तो गुजरातकडे आणि स्वतःकडेही मागावा. दांतवाला समितीने प्रश्न चुकीचा विचारला जातो आहे असे सांगितले ते 1970 मध्ये. माथाडी कायदा त्याच्या एक वर्ष आधीचा आहे.