रिकामें आसन

विद्यापीठांतून वेळोवेळीं ज्या वार्ता बाहेर पडतात त्यांत नेमणुका, निवृत्ति, राजीनामे आणि बढत्या यांची यादी हटकून असते. अमुक शाखेचे प्रमुख निवृत्त झाले, तमुक अध्यापक दुसऱ्या विद्यापीठांत गेले, कुलगुरूंची मुदत संपून नव्या कुलगुरूंनीं पदभार स्वीकारला, अशा या वार्ता असतात. वाचक ती यादी चाळतो, एखादें ओळखीचें नांव आढळल्यास क्षणभर थांबतो आणि पान उलटतो. कारकुनी दृष्टीनें पाहतां यांत विचार करण्यासारखें कांहीं नाहीं. एक मनुष्य गेला, दुसरा आला, आणि वहींत नोंद झाली. तथापि या रुक्ष नोंदींच्या पाठीमागें एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, व ज्या कुटुंबांतील मुलें या संस्थांतून शिकतात त्यांस तो परका वाटण्याचें कारण नाहीं. अध्यापकानें आपल्या संस्थेस किती बांधून घ्यावें, संस्थेनें त्याला किती बांधून द्यावें, आणि त्याचें आसन रिकामें झालें म्हणजे तें कोणत्या न्यायानें भरावें, हा तो प्रश्न होय.

अध्यापकी हा इतर धंद्यांसारखाच एक धंदा आहे, जेथें वेतन अधिक तेथें जाण्याचा हक्क जसा वैद्याला किंवा वकिलाला तसाच अध्यापकाला, असें कित्येकांचें म्हणणें असतें. हें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. ज्याच्या घरीं वृद्ध आईबाप व वाढतीं मुलें आहेत त्याला केवळ त्यागाचा उपदेश करणें सोपें, पण न्याय्य नव्हे. मात्र एक भेद येथें ध्यानांत ठेविला पाहिजे. अध्यापकाचें काम एका वर्षांत पुरें होत नाहीं. त्यानें लावलेलें वळण, जमविलेला ग्रंथसंग्रह, हाताशीं धरून तयार केलेला विद्यार्थी, हीं सर्व दीर्घ सहवासाचीं फळें आहेत. अवेळीं तो उठून गेला तर नुकसान ज्यांचें होतें त्या विद्यार्थ्यांना त्या व्यवहारांत कोणी विचारलेलेंच नसतें. म्हणून त्याच्या जाण्यायेण्याला धंद्याचा हिशेब पुरत नाहीं. तेथें विश्वस्ताचा हिशेब लागतो.

पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आरंभींचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आले व १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल निघालें. १८८४ सालीं सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षीं फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. या मंडळींनीं आजीव सभासदत्वाची जी पद्धत घातली तींत २० वर्षें संस्थेची सेवा करण्याची प्रतिज्ञा होती, आणि वेतन पुढें बरींच वर्षें दरमहा ७५ रुपयांच्या घरांत राहिलें. या पद्धतीची स्तुति करितांना लोक तिच्यांतील त्याग तेवढा सांगतात. परंतु ती प्रतिज्ञा एकतर्फी नव्हती. जो सभासद आपलीं २० वर्षें देई त्याच्या हातीं संस्थेचा कारभारही येई, आणि मुदत पुरी झाल्यावर लहानसें कां होईना, निवृत्तिवेतन मिळे. तो संस्थेचा चाकर नव्हता, धनी होता. निष्ठा मागणाऱ्यानें आधीं आसरा दिला पाहिजे, हें त्या तरुणांनीं ओळखलें होतें. त्यांच्या यशाचें हें मर्म आज बहुतेकांच्या दृष्टीआड झालें आहे.

एवढी बळकट गांठही सुटल्यावांचून राहिली नाहीं. १८९० सालीं टिळकांनीं सोसायटीचा राजीनामा दिला. आजीव सभासदानें आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा, बाहेरची मिळकत करूं नये व बाहेरचीं कामें पत्करूं नयेत, असा त्यांचा आग्रह होता. आगरकर, गोखले प्रभृति सहकाऱ्यांना इतका कडक नियम मान्य नव्हता. संसाराची निकड आणि सार्वजनिक कार्याची हांक या दोहोंनाही कांहीं वाव असावा, असें त्यांचें म्हणणें. कोणाची बाजू खरी याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्ही घेत नाहीं. नियम ढिला झाला कीं प्रतिज्ञा पोकळ होते, हें टिळकांच्या बाजूनें खरेंच आहे. उलटपक्षीं कॉलेजचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश त्याच १८९० सालीं प्रसिद्ध झाला, आणि वर्गाबाहेर केलेलें असलें काम म्हणजे संस्थेची चोरी असें कोण म्हणेल? आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. टिळक गेले ते अधिक पगारासाठीं गेले नाहींत, आणि राहिले तेही पगाराच्या लोभानें राहिले नाहींत. दोन्ही पक्ष एका तत्त्वाच्या अर्थाविषयीं भांडत होते. ज्या संस्थेंतील माणसें अशा कारणासाठीं विभक्त होतात, तिचें नुकसान होतें खरें, पण तिचें सत्त्व जात नाहीं.

सत्त्व गेलें नव्हतें याचें प्रत्यंतर लौकरच आलें. टिळकांच्या जाण्यानें गणित शिकविणारा मनुष्य हवा झाला. गोखल्यांनीं आपले जुने सहाध्यायी धोंडो केशव कर्वे यांस मुंबईहून बोलाविलें, आणि १८९१ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजांत आले. दोनच वर्षांनीं कर्व्यांनीं विधवेशीं विवाह केला. त्यांच्या गांवीं त्यांच्यावर बहिष्कार पडला, पण कॉलेजांतील त्यांचें आसन हाललें नाहीं. पुढें अनाथ बालिकाश्रम, हिंगण्याची संस्था आणि १९१६ सालचें महिला विद्यापीठ हीं सर्व त्याच गणिताच्या अध्यापकानें उभीं केलीं. लोकांच्या रोषाला भिऊन संस्थेनें त्याला निरोप दिला असता, तर ती गोष्ट त्या वर्षीच्या नोंदींत एका ओळींत संपली असती, आणि त्या ओळीनें काय बुडालें तें कोणालाही कळलें नसतें.

दुसरें उदाहरण १९०२ सालचें. त्या वर्षीं गोखले निवृत्त झाले आणि प्राचार्यपद रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांजकडे आलें. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत १८९९ सालीं सीनियर रँग्लर झालेल्या या तरुणाचें वय तेव्हां अवघें २६ वर्षांचें होतें. तो कर्व्यांच्या नात्यांतला, त्यांच्याच आधारानें शिकलेला. आणि आतां वयानें १८ वर्षें वडील असलेले कर्वे त्याच्या हाताखालीं शिकवूं लागले. यांत कोणाला अपमान वाटल्याचें दिसत नाहीं. सेवाज्येष्ठतेची माळ मोजून पद देण्याची चाल सोयीची असते, तीमुळें तंटे कमी होतात. परंतु ज्येष्ठांनीं आपण होऊन गुणाला वाट करून देणें ही संस्थेच्या उंचीची खूण आहे.

याच्या अगदीं उलट प्रकारही आपल्याच इलाख्यांत घडलेला आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर एल्फिन्स्टन कॉलेजांत संस्कृताच्या प्राध्यापकाचें काम हंगामी म्हणून करीत असतां १८७३ सालीं त्या जागीं पीटर्सन यांची कायम नेमणूक झाली. पीटर्सन हे विद्वान नव्हते असें नाहीं. हस्तलिखितांच्या शोधाचें मोठें काम पुढें त्यांच्याही हातून झालें. पण ज्यानें काम करून दाखविलें तो मागें राहावा आणि विलायतेहून आलेला पुढें जावा, हा न्याय विद्येचा नव्हता, राज्यकर्त्यांचा होता. भांडारकरांनीं हातची लेखणी खालीं ठेविली नाहीं. १८८२ सालीं ते डेक्कन कॉलेजांत प्राध्यापक झाले आणि १८९३ सालीं मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु. अन्याय सोसूनही त्यांचें मोठेपण टिकलें. परंतु मोठीं माणसें अन्यायांतून तरून जातात हें अन्यायाचें समर्थन होऊं शकत नाहीं. जे इतके मोठे नसतात, ते अशा प्रसंगीं मनानें खचतात आणि त्यांचें नांवही मागें उरत नाहीं.

रिकामें आसन कसें भरावें याचा वस्तुपाठ कलकत्त्यास आशुतोष मुकर्जी यांनीं घालून दिला. सरकारच्या हिशेबखात्यांत मोठ्या पगारावर असलेले चंद्रशेखर वेंकट रामन १९१७ सालीं कमी वेतन पत्करून तेथें पदार्थविज्ञानाचे पालित प्राध्यापक झाले. त्या जागेस परदेशीं जाऊन अध्ययन करण्याची अट होती. रामन यांनीं ती मानली नाहीं, व आशुतोषांनीं माणसासाठीं अट बाजूस सारविली. पुढें १९२८ सालीं लागलेला शोध व १९३० सालचें नोबेल पारितोषिक हें जगजाहीर आहे. मनुष्य केव्हां घ्यावा हें ज्यांस कळलें, त्या आशुतोषांस आपण केव्हां उठावें हेंही कळत होतें. १९२३ सालीं गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनीं त्यांच्या फेरनेमणुकीस अटी घातल्या तेव्हां त्यांनीं ती नेमणूकच नाकारली. आसनावर राहण्यासाठीं आसनाची प्रतिष्ठा विकावी लागत असेल, तर उठून जाणें हीच संस्थेची सेवा होय. म्हणून सोडून जाणारा प्रत्येकजण कृतघ्न आणि चिकटून राहणारा प्रत्येकजण निष्ठावंत, असा ठोकळ निर्णय कोणीं करूं नये.

आतां आपल्या काळाकडे वळूं. आज महाराष्ट्रांत कुलगुरूंची निवड शोधसमितीच्या शिफारशीवरून होते व त्यांची मुदत २०१६ च्या कायद्यानें ५ वर्षांची ठरविली आहे. नियमांची वाण नाहीं. तरीही अनेक महाविद्यालयांतून कायम जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहतात, आणि त्यांवरील काम तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडून करून घेतलें जातें. या अध्यापकास मोबदला तासांच्या मोजणीनें मिळतो. सुटीच्या दिवसांत तो कोणाचाच नसतो. आणि येत्या जूनमध्यें आपला वर्ग आपल्याकडे राहील कीं नाहीं हें त्याला ठाऊक नसतें. पदव्या त्याच्यापाशीं आहेत, पुष्कळदां आचार्यपदवीही आहे, पण बसावयास आसन नाहीं. मागच्या पिढ्यांपुढें रिकामें आसन कोणाला द्यावें हा प्रश्न होता. आम्ही तें रिकामेंच ठेवून त्याच्या शेजारीं एका मनुष्यास उभें राहून शिकवावयास लाविलें आहे.

आणि अशा मनुष्यापुढें आम्ही चिपळूणकर-आगरकरांच्या त्यागाचे दाखले देतों! यापरता विपर्यास कोणता? आगरकरांनीं दारिद्र्य पत्करलें तें आपल्या मालकीच्या ध्येयासाठीं, आपल्या हातच्या संस्थेसाठीं, समान सहकाऱ्यांच्या संगतींत. जें स्वेच्छेनें स्वीकारलें तो त्याग. जें दुसऱ्यानें लादलें ती केवळ नाडवणूक. ज्या संस्थेला अध्यापकाच्या पुढल्या वर्षाचें वचन देतां येत नाहीं तिनें त्याच्याकडे २० वर्षांची निष्ठा मागणें हें कुळाला एका हंगामाचीच जमीन देऊन त्याच्याकडून आमराई लावून घेण्यासारखें आहे. तो अधिक वेतनाच्या शोधांत दुसरीकडे गेला, किंवा विद्येचा व्यवसायच सोडून शिकवणीवर्गांत शिरला, तर दोष त्याच्या माथीं मारण्यापूर्वीं आपण आपल्याकडे पाहिलें पाहिजे.

‘आपण’ हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे. सरकार पैसे देत नाहीं, संस्थाचालक नेमणुका लांबवितात, हें खरें. पण मुलाला महाविद्यालयांत घालतांना इमारत, वसतिगृह आणि पुढली नोकरी यांची चौकशी करणारे आईबाप तेथें कायम अध्यापक किती आहेत ही चौकशी क्वचितच करितात. जी गोष्ट कोणी विचारीत नाहीं ती कोणी सुधारीतही नाहीं. तेव्हां विद्यापीठाच्या वार्तेंत कोणी निवृत्त झाल्याचें वाचनांत आल्यास सुजाण वाचकानें त्यांच्या गौरवसमारंभाच्या वर्णनावर थांबूं नये. त्यांच्या जागीं कोण आलें, कोणत्या गुणावर आलें, आणि किती काळासाठीं आलें, हें त्यानें विचारावें. पुढल्या महिन्याच्या वार्तेंत त्याचें उत्तर नसेल, तर तेंही ध्यानांत ठेवावें.