रक्तदान का करावे?

मनुष्य आपले रक्त परक्यास का देतो? द्रव्यलोभाने नव्हे, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयाने रक्तविक्रय १९९८ पासून निषिद्ध आहे. अमरावती-अकोल्याच्या रुग्णालयांत प्रसूत मातांस व सिकलसेलने पीडित बालकांस रक्त लागते. उन्हाळ्यात साठा आटतो. पिशवीवर रक्तगट लिहितात, जात नव्हे. शोमरोन्यानेही जखमी वाटसरूचे कूळ विचारले नाही. शेतकामास बळ उरणार नाही, हे भय व्यर्थ होय. बहुधा साडेतीनशे मिलिलिटरच घेतात, व निरोगी शरीर ते काही आठवड्यांत भरून काढते. ख्रिस्ताने आपले रक्त देऊन आम्हांस विनामूल्य तारिले. म्हणून आम्हीही मोबदल्यावाचून द्यावे. पेरणीची घाई लागण्यापूर्वी, मंडळीहो, आपण रक्तपेढीकडे जाऊ या.