गेलेल्या सज्जनाचा दोष

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलेच बोलावे, असा आपल्याकडे शिष्टाचार आहे. तो वाईट आहे असे मला म्हणावयाचे नाही. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही; आणि ज्या घरातले माणूस गेले, त्या घराच्या जखमेवर मीठ चोळण्याचा अधिकार कोणालाच नसतो. परंतु या शिष्टाचाराच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. गेलेला माणूस खरोखरीच सज्जन होता, साऱ्या गावाला हवाहवासा होता. आणि तरीही त्याच्या हातून एकदा एक अन्याय घडला होता. त्याची आठवण सांगताना तो अन्याय सांगावा की झाकावा? हा प्रश्न मला आमच्या मास्तरांनी घातला. तोही ते गेल्यानंतर.

आमचे खेडे नगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागातले. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच येते. मास्तर ख्रिस्ती होते, आणि आमच्या बाजूला यात काही नवल नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले. 'ज्ञानोदय' हे पत्र तेथूनच १८४२ साली निघाले. पुढे कित्येक खेड्यांत सहा दिवस मुलांना शिकविणारा माणूसच रविवारी उपासना चालवू लागला. मास्तर त्या परंपरेतले. आमची शाळा मिशनची नव्हती, सरकारी होती. पण सोमवार ते शनिवार शाळा आणि रविवारी देऊळ हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही.

धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी असा त्यांचा वेष असे. थुंकी लावून पाटी पुसणाऱ्या मुलाला ते रागावत नसत. खिशातून ओले फडके काढून त्याच्या हाती देत. रविवारी कौलारू देवळातून पेटी-तबल्याच्या साथीवर भजने ऐकू येत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाची आणि कीर्तनाची वाट दाखविली होती, त्यामुळे त्या चाली आमच्या कानांना परक्या वाटत नसत. माझी आजी रस्त्याने जाता जाता तेथे थांबून हात जोडी. दिवाळीत मास्तर आमच्याकडे फराळाला येत. नाताळात त्यांच्या घरच्या करंज्या आमच्याकडे येत. दोन्ही घरच्या करंज्यांत कोणाची सरस यावर आईचे आणि मास्तरीणबाईंचे लटके भांडण वर्षानुवर्षे चालले होते. १९७२ च्या दुष्काळात अर्धे गाव खडी फोडायला गेले, तेव्हा शाळा सुटल्यावर मास्तर चालत कामावर जात आणि लिंबाखाली पोरांना गोळा करून पाढे घेत. सुकडी वाटताना ते स्वतः रांगेच्या शेवटी उभे राहात.

२००४ साली मास्तर गेले. त्यांची शोकसभा देवळाच्या अंगणात भरली. ख्रिस्ती मंडळी होती, तशीच वारकरी मंडळीही होती. लिंबाखालचे पाढे, रांगेच्या शेवटी उभे राहणारे मास्तर, ओले फडके, सगळे सांगून झाले. मीही बोललो. कोणी त्यांना संत म्हटले, कोणी देवमाणूस. सभा संपल्यावर फाटकाजवळ माझ्याच वयाचा एक माणूस उभा होता. हातांवर दगडकामाचे घट्टे होते. मी त्याला ओळखले आणि नजर चुकवून पुढे जाऊ लागलो. तो म्हणाला, "समद्यांनी लई चांगलं सांगितलं. पर मास्तर माज्या झोपडीत आलं व्हतं, त्ये कुनी बोललं न्हाई."

तो काय म्हणत होता हे त्या अंगणात फक्त मला पुरते कळत होते.

१९६२ च्या हिवाळ्यातली गोष्ट. चीनने आक्रमण केले होते आणि शाळाशाळांतून संरक्षण निधी गोळा होत होता. गावातल्या एका गृहस्थाने मास्तरांना दहा रुपयांची नोट दिली. शनिवारी कपाटातली डबी उघडली, तर नोट नव्हती. कपाटाजवळ कोण गेले होते, असे मास्तरांनी विचारले. मी चौथीचा मॉनिटर होतो. मी एका मुलाचे नाव सांगितले. तो खडी फोडणाऱ्या कुटुंबातला होता. कपाटाजवळ तो गेला होता हे खरे. पण खडू आणायला दुसरी दोन मुलेही गेली होती. त्यांची नावे माझ्या ओठांवर आली नाहीत. संशय गरिबाच्या अंगाला लवकर चिकटतो, आणि तो चिकटविण्यासाठी दुष्टपणा लागत नाही. नुसती सवय पुरते. त्या दिवशी मास्तरांनी छडी उचलली. मुलगा 'मी न्हाई' एवढेच म्हणत राहिला, आणि प्रत्येक 'न्हाई'ला एक छडी बसत गेली.

रविवारी उपासनेत मास्तरांनी गीतांचे पुस्तक उघडले, आणि नोट त्यांच्या पायांशी पडली. गुरुवारच्या प्रार्थनेच्या वेळी घाईत त्यांनीच ती तेथे ठेवली होती. ते उपासना अर्धवट सोडून निघाले, थेट खाणीवरच्या झोपडीत गेले, आणि त्या मुलापुढे व त्याच्या आईबापांपुढे हात जोडून उभे राहिले. सोमवारी त्यांनी वर्गात हे सगळे स्वतःच्या तोंडाने सांगितले. "चूक माझी," ते म्हणाले. माझे नाव त्यांनी घेतले नाही.

मुलगा मात्र शाळेत परत आला नाही. पुढच्या महिन्यात खाणीचे काम संपले आणि ते कुटुंब दुसरीकडे गेले.

हा प्रसंग शोकसभेत सांगायला हवा होता काय? त्या वेळी मी स्वतःला समजाविले होते, की आजचा दिवस असे काही बोलण्याचा नव्हे. त्या समजुतीतला लबाडपणा फाटकाजवळच्या त्या दोन वाक्यांनी उघडा केला. आपण गेलेल्या माणसाचे दोष झाकतो, ते त्याच्यावरच्या प्रेमामुळे, असे आपल्याला वाटते. थोडे खोल पाहिले, की त्या पांघरुणाखाली आपलेही पाय दडलेले दिसतात. मास्तरांची छडी झाकली, की माझी साक्षही झाकली जाते. गावाने पहिली काही वर्षे त्यांना ओट्यावरच बसविले, पाणी वरून घातले, हेही त्या दिवशी कोणी बोलले नाही. सगळे सुरुवातीपासूनच गोड होते असे ठरले, की कोणालाच काही आठवावे लागत नाही.

शिवाय ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचे काय? मास्तरांना निष्कलंक ठरविताना आपण त्याला त्यांच्या चरित्रातून पुसून टाकतो. आणि आश्चर्य असे, की त्याला मास्तरांची निंदा ऐकायची नव्हती. त्याच्या उभ्या आयुष्यात कोणा मोठ्या माणसाने त्याच्यापुढे हात जोडल्याचा तो एकच क्षण होता. त्याला तो ऐकायचा होता. छडी वगळली, की हात जोडणेही वगळावे लागते. आणि मास्तरांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट कदाचित तीच होती. लिंबाखाली पाढे घेण्याला कष्ट लागतात. भर वर्गात 'चूक माझी' म्हणायला त्याहून अधिक काही लागते.

ज्या देवळाच्या अंगणात आम्ही ही टाळाटाळ केली, त्याच देवळात दरवर्षी पेत्राची कथा वाचतात. ख्रिस्ताचा हा आघाडीचा शिष्य. पण संकटाच्या रात्री कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारले. ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आली आहे. ती गाळून टाकणे सोपे होते. कोणीही गाळली नाही. आपल्या महाभारतानेही धर्मराजाचे अर्धसत्य लपविले नाही. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, हे व्यासांनी सांगून ठेवले. आणि मराठीतले उदाहरण हवे, तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्यावी. १८९५ साली टिळकांनी धर्मांतर केले आणि लक्ष्मीबाईंना काही वर्षे ताटातुटीत काढावी लागली. १९३४ पासून भागाभागाने निघालेल्या त्या पुस्तकात टिळकांचा तापट स्वभाव आहे, घरात काय आहे-नाही न पाहता देऊन टाकण्याची त्यांची रीत आहे, आणि बायकोला झालेला त्रासही आहे. ते वाचून टिळकांवरचे आपले प्रेम कमी झाले काय? उलट फुलांमुलांचा हा कवी त्या पानांमुळेच आपल्याला घरातल्या माणसासारखा वाटतो.

म्हणून काय प्रत्येकाची उणीदुणी चव्हाट्यावर मांडावी? नाही. कोणी कोपऱ्यात बसून केलेला पश्चात्ताप उकरून काढणे हा चोंबडेपणा आहे. पण जे त्या माणसाने जिवंतपणी स्वतः चारचौघांत कबूल केले, ते त्याच्या मरणानंतर आपण झाकणे, ही त्याच्या कबुलीची अवज्ञा आहे. दुसरे असे, की सांगताना आपला वाटा आधी सांगावा. एवढे दोन निर्बंध पाळले, तर दोष सांगणे हे निंदा न राहता साक्ष होते. संतांपुढे आपण हात जोडतो आणि घरी जातो. त्यांच्यासारखे वागण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. चुकलेला आणि चूक निस्तरायला निघालेला माणूस मात्र आपल्याला मोकळे सोडीत नाही. त्याने केले ते आपल्यालाही करता येण्याजोगे असते.

गेल्या दिवाळीत फराळ चालला असताना नातवंडांना ही गोष्ट मी प्रथमच पुरी सांगितली. धाकटीने विचारले, "मग आजोबा, तुम्ही त्याची माफी मागितलीत का?"

मागितली होती. त्याच दिवशी, देवळाच्या फाटकापाशी. तो नुसता हसला आणि म्हणाला, "चला, च्या घिऊ." मास्तरांना एक रात्र लागली होती, मला बेचाळीस वर्षे लागली. हेही मी तिला सांगितले.