तरंगणाऱ्याचा धर्म

निःपक्षपातास आपण तटस्थता म्हणतो. तट म्हणजे काठ. ज्याचे पाऊल पाण्यात नाही, जो काठावर उभा राहून प्रवाह पाहतो, तो तटस्थ. न्यायाधीशाने, परीक्षकाने, पंचाने असे असावे, ही शिकवण लहानपणापासून आपल्या कानी पडते, आणि अध्यापनाच्या व्यवसायात मीही ती पुष्कळ वेळा दुसऱ्यांस सांगितली आहे. परंतु व्यवहारात असा कोरडा काठ कितीकांच्या वाट्यास येतो? परीक्षकापुढे त्याचेच शिष्य असतात, पंचापुढे त्याचेच गावकरी, बापापुढे त्याचीच लेकरे. ज्यास काठ नाही, त्याने न्याय कसा करावा? ह्या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास मला एका पितळी डबीने शिकविले.

माझे एक आतेभाऊ दाभोळच्या खाडीकाठी राहतात. होडीच्या मागील फळीस बाहेरून अडकवावयाचे, ज्यास आउटबोर्ड म्हणतात तसे, एक जुने इंजिन त्यांच्या घरी वडिलांच्या वेळेपासून आहे. अशी इंजिने बाजारात आणून त्यांचा मोठा प्रसार ज्यांनी केला, त्यांत १९०९ पासून अमेरिकेत ती विकणारा ओले एविनरूड हा प्रमुख होय. आतेभावांचे इंजिन ह्या वर्षी बिघडले. सुरू करताच धूर, भिजलेला प्लग, आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोलची अखंड गळती. नवा भाग कोठे मिळेना. तेव्हा त्यांनी जुनाच भाग पुण्यास माझ्याकडे पाठविला.

कार्ब्युरेटरच्या बगलेस एक लहानसा हौद असतो. टाकीतले पेट्रोल त्यात उतरते व तेथून बारीक नळीच्या तोंडाने हवेच्या झोतात फवारले जाते. हौदातील पातळी त्या तोंडाच्या किंचित खाली राहिली पाहिजे; ती चढली तर पेट्रोल वाहू लागते, फार उतरली तर इंजिन उपाशी मरते. ही पातळी राखण्यासाठी हौदात एक पोकळ डबी तरंगत ठेवलेली असते. तिला फ्लोट म्हणतात. पेट्रोल चढले की ती वर येते व तिच्या सुईने वाट बंद होते; पेट्रोल उतरले की ती खाली जाते व वाट उघडते. जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने १८९३ च्या सुमारास फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध केला, त्यातही ही योजना होती. 'पुरे' हा एक शब्द वेळेवर उच्चारणे, एवढेच ह्या डबीचे आयुष्यभराचे काम.

ती घेऊन मी कसब्यातील तांबट आळीत एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांनी ती कानाशी धरून हलविली व म्हणाले, "साहेब, ही पेट्रोल प्यायली आहे." मग ती कढत पाण्यात बुडवून धरताच आतली हवा फुगून सांध्यापाशी बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. छिद्र सुईच्या अग्राहून बारीक होते. कोणी घाव घातला नव्हता. इंजिनाच्या वर्षानुवर्षांच्या थरथरीने सांधा उसवला होता. आतले पेट्रोल काढण्यासाठी त्यांनी उलट बाजूस आणखी एक भोक पाडले व वास पार जाईपर्यंत ती पुनःपुन्हा गरम पाण्यात धरली. कारण पेट्रोलच्या वाफेशी विस्तव आणणे म्हणजे हातात स्फोट घडविणे होय. नंतर दोन्ही भोकांस कथलाचा डाख दिला आणि बराचसा कानशीने खरवडून टाकला. "असू द्या की थोडा जास्त, मजबूत होईल," असे मी म्हणालो. ते हसले. "जास्त लावला तर बुडेल, साहेब." मी डबी वाडग्यातील पाण्यात टाकली; ती छान तरंगली. तरी त्यांचे समाधान होईना. "हे पाणी आहे. पेट्रोलात बघा." पेट्रोल पाण्याच्या सुमारे तीनचतुर्थांश वजनाचे असते, पाण्यात जे तरते ते पेट्रोलात तरेलच असे नाही.

घरी येताना मला काही वर्षांपूर्वीची एक निवडसमिती आठवली. उमेदवारांत माझा एक जुना विद्यार्थी होता. त्याने मला कधी काही दिले नव्हते. पण माझी पुस्तके बांधणीस नेणे, मुद्रिते तपासणे, सणावारी घरी येऊन माझ्या लेखांची स्तुती करणे, हे वर्षानुवर्षे चालले होते. मी त्यास पहिला क्रमांक दिला आणि आपण गुणच पाहिले असे प्रामाणिकपणे मानले. भरलेल्या फ्लोटलाही आपण तरंगत आहोत असेच वाटत असेल! पुढे शंका येऊ लागली तेव्हा मी दुसऱ्या टोकास गेलो. एका समितीत परिचयाचा उमेदवार आला, तर केवळ परिचयाचा म्हणून मी त्याचे गुण कमी लेखले व त्या कठोरपणाचा मला अभिमान वाटला. डाख जास्त झाला होता. पेट्रोलाने जड झालेली आणि कथलाने जड झालेली, दोन्ही डब्या सारख्याच बुडतात. कारण दोघींची हालचाल बाहेरच्या पातळीने ठरत नाही, स्वतःच्या वजनाने ठरते.

गीतेत कमलपत्राची उपमा आहे: पाण्यात असून न भिजणारे. ती सुंदर खरीच. परंतु कमलपत्रास कोणताही दरवाजा बंद करावयाचा नसतो. फ्लोटास पेट्रोलातच राहून, त्याच्याच उचलीने वर येऊन, त्याचीच वाट अडवावयाची असते. ह्याच पुण्यात रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांच्या पदरी न्यायाधीश होते. त्यांचे अन्न त्याच दरबारचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, तेव्हा त्यांनी राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले व दरबार सोडला, हे सर्वश्रुत आहे. ते काठावर उभे नव्हते. दरबारात बुडालेले असूनही दरबार त्यांच्या आत शिरला नव्हता.

तेव्हा काठ शोधण्यात अर्थ नाही. अधूनमधून कोणी आपणांस कानाशी धरून हलवावे, एवढी सोय ठेवावी. आणि दोष सापडलाच तर तो काढून टाकावा, पण दुरुस्तीचे ओझे मिरवू नये.

आतेभावांचे इंजिन आता नीट चालते. माझ्या त्या विद्यार्थ्याविषयी माझी तक्रार नाही. तो उत्तम शिकवितो असे ऐकतो. मात्र त्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावर ज्यास मी बसविले, त्याचे नाव आठवावयाचा मी गेले कित्येक दिवस प्रयत्न करीत आहे. ते मला आठवत नाही.