माळ कोणी कोणाच्या गळ्यात घालावी?

गेल्या कार्तिकीस पंढरपुरी एका मठात आमचे कीर्तन होते. कीर्तन संपले, आरती झाली, बुक्का लावून घेऊन मंडळी पांगली. एक बाई मात्र खांबाशी थांबून राहिल्या. शेजारी त्यांचा मुलगा, वय सोळा, नुकताच अकरावीत गेलेला. बाईंनी पदराच्या गाठीतून नवी तुळशीची माळ काढली आणि म्हणाल्या, "महाराज, एवढी याच्या गळ्यात घाला. माझं काही ऐकत नाही. हरिपाठाला बसत नाही, रात्र रात्र मोबाईल बघत पडतो, आणि परवा खिशात तंबाखूची पुडी सापडली. तुमच्या हातची माळ पडली म्हणजे तरी बांधला जाईल."

हाच मुलगा आठव्या वर्षी दिंडीत पताका घेऊन पुढे चालायचा, हे सांगताना बाईंचा गळा दाटून आला. वाचकहो, असे गाऱ्हाणे आम्ही वर्षाकाठी पुष्कळ ऐकतो. खरे सांगायचे तर आमचा हात माळेकडे गेलाही होता. आईला समाधान, संप्रदायात एक माळकरी वाढला. यात वाईट ते काय?

तेवढ्यात सहज म्हणून मुलाला विचारले, "काय बाळ, घालायची ना?" तो मान खाली घालूनच म्हणाला, "घाला की. माळ घातली तरी तंबाखू चालतेच, महाराज. दिंडीत सगळेच खातात. मीच मळून द्यायचो त्यांना."

आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. आम्ही गप्प राहिलो. कारण त्या वेळी आमच्या कमरेला चंची होती.

आता विचार असा पडतो की, एकाच्या काळजीतून दुसऱ्याचे व्रत उत्पन्न होऊ शकते काय? माळेबरोबर नेम येतात. मद्यमांस वर्ज्य, एकादशी, हरिपाठ, वर्षाची वारी. हे नेम म्हणजे संकल्प आहे, आणि संकल्पाचे उदक यजमानाच्या हातावरूनच सोडावे लागते. उपाध्याय मंत्र सांगेल, परंतु हात यजमानाचा. कोणी म्हणेल, लहान लेकरांच्या गळ्यात आईबाप माळ घालतातच ना? घालतात. तो संस्कार, बीज टाकून ठेवावे तसा. पण सोळा वर्षांच्या मुलाला पकडून आणून माळ घालणे निराळे. तेथे ती माळ दावे होते, आणि दावे तोडायचे कसे हे त्या वयाला फार लवकर कळते. मग माळ तुटते ती तुटते, वर मनात चोरटेपणा राहतो. तो मठाकडे फिरकत नाही आणि आईच्या डोळ्यांकडेही बघत नाही.

नीतिशास्त्राचा तो प्रसिद्ध श्लोक सर्वांस ठाऊक आहे. पाच वर्षे लाड करावे, पुढे दहा वर्षे ताडन करावे, सोळावे लागले की मित्रवत् वागावे. त्यातील मधल्या दहा वर्षांविषयी आमचे मत वेगळे आहे. पाठशाळेत आम्ही पुष्कळ छड्या खाल्ल्या, त्यांनी एकही विभक्ती लवकर पाठ झाली नाही. परंतु शेवटच्या चरणाकडे लक्ष द्या. त्यातले क्रियापद बापाच्या वागण्याचे आहे. मुलाने कसे वागावे हे तेथे सांगितलेलेच नाही, बरे का!

आणि नाथमहाराजांचे उदाहरण तर आपल्या घरचे. त्यांचे चिरंजीव हरिपंडित मोठे शास्त्री. बाप प्राकृतात पुराण सांगतो, परान्न घेतो, हे न रुचून ते काशीस निघून गेले. नाथ स्वतः जाऊन त्यांना परत घेऊन आले, आणि मुलाच्या दोन्ही अटी मान्य करून आले: परान्न घेणार नाही, प्राकृत सांगणार नाही. पैठणास श्रोते ओसरले. पुढे पत्रावळीचा प्रसंग घडून हरिपंडितांचे मन पालटले, ती कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो. आमचे म्हणणे एवढेच की चमत्काराच्या आधीचे नाथ पाहा. त्यांनी "मी बाप आहे" असे म्हटले नाही. आधी मुलगा घरात आणला.

अर्थात् येथे सावध राहिले पाहिजे. हरिपंडित शास्त्र शिकलेले प्रौढ गृहस्थ होते. हा सोळा वर्षांचा पोर. शिवाय त्यांच्या हट्टाने कोणाच्या तोंडाला कर्करोग होणार नव्हता. तंबाखूने होतो. म्हणून "सोडून द्या, येईल वळणावर" असा उपदेश आम्ही त्या माउलीला केला नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे 2003 च्या कायद्याने बंद आहे, शाळा-कॉलेजापासून शंभर यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. पुडी देणाऱ्या टपरीवाल्याकडे जाऊन भांडावे, हा आईचा पूर्ण अधिकार. मुलाला समोर बसवून स्पष्ट विचारावे, हाही. झोपेत त्याचा मोबाईल उघडून बघावा काय, असेही त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, जे त्याच्या जागेपणी विचारता येते ते आधी विचारून पाहा. जिवावरचे काही दिसले तर मात्र संकोच धरू नका.

"मग माळेचं काय?" बाई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या, आणि ते योग्यच होते. इतक्या लांबून त्या एका गोष्टीसाठी आल्या होत्या.

आम्ही माळ ज्ञानेश्वरीवर ठेवली. म्हटले, ही येथेच राहील. आषाढीस याने स्वतः मागितली तर घालू, न मागितली तर ही येथेच आहे. आणि चंची सोडून त्या मुलाच्या हातात दिली. चाळीस वर्षांची सवय होती. "ही चंद्रभागेत टाकू नकोस," आम्ही म्हणालो, "नदी आधीच घाण आहे. कचऱ्यात टाक." तो पहिल्यांदा हसला. चंची घेऊन बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. टाकली की ठेवून घेतली, हे आम्ही विचारले नाही.

मुलाचे वडीलही माळकरी, दिंडीत पखवाज वाजवतात, तेही तंबाखू खातात. त्यांच्याशी बोलायचे राहिले. आमचे म्हणाल तर, पहाटे काकड्याला उठलो की हात अजून कमरेकडे जातो.